कडक उन्हात ट्रेकला जाताय? ऊन फक्त तुमच्याच अंगावर पडत नाही

उन्हातल्या ट्रेकबद्दल विचारलं की बहुतेक जण दोन वाक्यांत मोकळे होतात, पाणी जास्त घे आणि टोपी विसरू नको. चूक काहीच नाही त्यात, पण हे फारच अर्धवट आहे. ऊन जसं तुमच्या डोक्यावर पडतं तसंच ते कड्यावर पडतं, झऱ्यावर पडतं, वाळलेल्या गवतावर पडतं, बिळातल्या सापाला पण लागतं आणि दुपारनंतर आभाळात ढगही तेच चढवतं. म्हणजे सकाळी सहाला जी वाट तुम्ही बघितली ती दुपारी दोनला तशीच असेल याची काही गॅरंटी नाही.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अंग तापलं की आधी डोकं चालेनासं होतं, पाय नंतर थकतात. परत फिरायचं का नाही हे ठरवायची खरी वेळ येते तेव्हा ठरवणारा माणूसच नीट ठिकाणावर नसतो. "आता आलोच आहोत तर जाऊ की वरपर्यंत" हे वाक्य उन्हात फार सहज तोंडातून निघतं. म्हणून खाली जे स्टेप बाय स्टेप सांगतोय त्यातले जमतील तेवढे निर्णय घरी बसून, थंड डोक्याने घ्यायचे आहेत, वाटेत फक्त ते पाळायचे.

स्टेप १: आदल्या दिवशी अंदाज बघा, पण नुसतं तापमान बघून थांबू नका

अॅपवर दिसतं ते तापमान सावलीतलं, हवेचं असतं. तुम्ही चालणार उघड्या वाटेवर, खाली तापलेला खडक, बाजूला तापलेली भिंत. "फील्स लाइक" म्हणून जो आकडा येतो तो हवेतला दमटपणा धरून काढलेला असतो पण तोही सावलीचाच, थेट उन्हात अंगाला जाणवणारा आकडा त्याहून ८ अंशांपर्यंत जास्त असू शकतो. ३६ वाचून "ठीके, जमेल" म्हणायच्या आधी हे लक्षात घ्या.

दमटपणा का एवढा महत्त्वाचा तर शरीर थंड करायचं आपल्याकडे मुख्य साधन एकच, घाम. आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, तोच घाम टपटप खाली गळला तर काहीच नेत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर घाम वाळणार कुठे? म्हणून ३३ अंश आणि चिकचिक हा दिवस ४० अंश आणि कोरड्या हवेपेक्षा वाईट ठरू शकतो. हे दोन्ही धरून मोजायचं माप म्हणजे वेट बल्ब तापमान. ते ३५ ला पोचलं की सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही फार तास टिकत नाही असं खूप वर्षं मानलं जायचं, पण अलीकडच्या प्रयोगांत तरुण निरोगी लोकांचंही शरीर ३१ च्या आसपासच हार मानायला लागतं असं दिसलंय, आणि तेही हलकीफुलकी हालचाल करताना, पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन चढताना नाही. तुमच्या अॅपवर डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब तापमान) असा आकडा मिळत असेल तर तो बघा, त्यात ऊन आणि वारा दोन्ही धरलेले असतात, ट्रेकसाठी मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

कोरड्या उन्हाचा धोका वेगळा. तिथे घाम इतक्या पटकन वाळतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, अंग कोरडं, टीशर्ट कोरडा, आणि तासाला लिटरभर पाणी गेलेलं असतं. टीशर्टवर पांढरे पट्टे दिसायला लागले की समजायचं.

अंदाज बघताना अजून चार गोष्टी बघून घ्या: आदल्या रात्रीचं कमीत कमी तापमान (रात्र थंड झाली नसेल तर खडक सकाळीच गरम असतात आणि तुमची झोपही झालेली नसते), दुपारच्या वादळी पावसाची शक्यता, वणव्याचा इशारा, आणि यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप. यूव्ही ३ च्या वर असेल तर झाकून घ्यायचं, ८ च्या वर असेल तर भर दुपारी उघड्यावर थांबायचंच नाही.

मग कागदावर दोन वेळा लिहा. एक, कितीही वाजता कुठेही असलो तरी परत फिरायची वेळ. दोन, घरच्या माणसाने "हे अजून आले नाहीत" म्हणून मदत मागायची वेळ. दुसरी वेळ त्या माणसाला सांगून ठेवा, वाटेचं नाव आणि गाडी कुठे लावणार ते पण.

स्टेप २: आपण तयार आहोत का हे खरं खरं बघा

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. रोज तासभर, हळूहळू वाढवत, उन्हात चाललं तर घाम लवकर यायला लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. पण एसीत राहिलात की ही सवय काही आठवड्यांत निघूनही जाते. म्हणून हिवाळाभर ट्रेक करणारा फिट माणूस पहिल्या कडक दिवशी आडवा होतो आणि सगळ्यांना आश्चर्य वाटतं. फिट असणं आणि उन्हाला सरावलेलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उलट फिट लोक जोरात चालतात, जास्त उष्णता तयार करतात आणि थांबायला लाजतात.

ताप, जुलाब, आदल्या रात्रीची दारू, अपुरी झोप, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी जाऊ नका, खरंच नका. काही औषधंही घाम किंवा पाण्याचं गणित बिघडवतात: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं. मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. आधी कधी उष्माघात झाला असेल तर ग्रुपला ते सांगून ठेवा.

स्टेप ३: वाट निवडताना सूर्य कुठून येणार ते बघा

नकाशावर वाट बघताना आपण अंतर आणि चढ बघतो, उन्हाळ्यात तिसरी गोष्ट पण बघायची, कोणत्या वेळी कोणता उतार उन्हात असणार. पश्चिमेकडे तोंड असलेला उतार सकाळी छान थंड असतो आणि दुपारी तीन-चारला तवा झालेला असतो, कारण हवा आधीच तापलेली आणि त्यात ऊन सरळ अंगावर. चढ सकाळी आणि सावलीत, उतरणं दुपारी, असं जमवा.

हे सगळ्यात जास्त उलटं पडतं ते दरीत उतरणाऱ्या वाटांवर. डोंगर चढताना निदान थकलो की परत फिरलं तर उतार मिळतो, दरीत मात्र सकाळच्या गारव्यात मजेत उतरून जातो आणि सगळा चढ दुपारसाठी शिल्लक राहतो, त्यात जितकं खाली जाल तितकी हवा जास्त गरम. अमेरिकेतली ग्रँड कॅनियन याचं प्रसिद्ध उदाहरण, वरच्या कडेला हवा बरी असते आणि नदीपाशी उन्हाळ्यात सावलीतच ४० च्या वर. तिथलं नॅशनल पार्क प्रशासन उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालूच नका असं स्पष्ट सांगतं. हा १० ते ४ चा नियम मी तर कुठल्याही उघड्या वाटेला लावतो, आणि दरीत उतरायचं असेल तर वेळेचा एक भाग उतरायला आणि दोन भाग चढायला धरा.

अजून एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. "काही झालंच तर हेलिकॉप्टर येईल" या भरवशावर राहू नका. गरम हवा विरळ असते, त्यात हेलिकॉप्टरला कमी उचल मिळते, कमी वजन नेता येतं, उंचावर तर कधीकधी उतरताच येत नाही. म्हणजे ज्या दिवशी लोक सगळ्यात जास्त आजारी पडतात त्याच दिवशी मदत सगळ्यात अवघड.

स्टेप ४: पाणी, आणि पाण्याबरोबर मीठ

कडक उन्हात चालताना माणूस तासाला एक लिटर, काही जण दीड लिटर घाम गाळतात. पोट मात्र तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच आत घेऊ शकतं. म्हणजे जोरात चालत राहिलात तर पिऊन भरपाई होणारच नाही, वेग कमी करणं हाच उपाय. साधं गणित ठेवा, दर १५-२० मिनिटांनी एक कप, तासाला पाऊण ते एक लिटर, आणि तासाला दीड लिटरच्या वर कधीच नाही. सहा तासांचा ट्रेक म्हणजे माणशी पाच-सहा लिटर, म्हणजे पाच-सहा किलो. जड वाटतं ना? वाटलंच पाहिजे, एवढं पाणी उचलणं जमत नसेल तर वाट छोटी करा, पाणी नाही.

दीड लिटरची मर्यादा का? कारण घामातून मीठही जातं, आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि मग मित्र प्रेमाने अजून पाणी पाजतात आणि माणूस झटके येण्यापर्यंत जातो. फरक ओळखायचा तर बघा, खूप पाणी प्यायलंय, तहान नाही, लघवी पाण्यासारखी आणि वारंवार, बोटं सुजून अंगठी घट्ट झालीय, पोट डबडबलंय, तर पाणी थांबवा आणि काहीतरी खारट खायला द्या. उलट लघवी गडद पिवळी, कमी, तोंड कोरडं, तर पाणी कमी पडतंय.

ओआरएसची पाकिटं ठेवा, वजन काहीच नसतं. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जास्त मीठ घातलं तर जास्त फायदा असं नाही, उलट उलटी होईल. नुसत्या मिठाच्या गोळ्या गिळणं मला अजिबात पटत नाही. आणि खा, दर तासाला थोडं खारट काहीतरी, उन्हात भूक मरते म्हणून वेळ लावूनच खायचं.

पिशवी आणि नळीवालं हायड्रेशन पॅक सोयीचं आहे पण किती उरलंय ते दिसत नाही, आणि नळीत राहिलेला पहिला घोट उन्हात कढत होतो. म्हणून एक बाटली वेगळी, हात न लावायची, परतीसाठी. अर्धं पाणी संपलं की तुम्ही जिथे असाल तिथून मागे, टोक दिसत असलं तरी.

नकाशावरच्या झऱ्यावर विसंबू नका, उन्हाळ्यात तो आटलेला असू शकतो. आणि साचलेलं कोमट पाणी, वर हिरवा-निळा रंग सांडल्यासारखी साय, तिथे हातसुद्धा घालू नका. ते निळं-हिरवं शेवाळ विष सोडतं आणि ते विष उकळून जात नाही, साध्या फिल्टरनेही नाही, क्लोरीनच्या गोळीनेही भरवसा नाही. कुत्रा बरोबर असेल तर त्याला आधी आवरा, तो थेट तोंड घालतो. वाहतं पाणी असेल तर फिल्टर करा, प्या, टोपी-शर्ट भिजवा. फक्त तापलेल्या अंगाने बर्फाळ नदीत किंवा खोल तळ्यात एकदम उडी मारू नका, थंड पाण्याच्या धक्क्याने श्वास एकदम आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर चांगले पोहणारेही बुडतात. हळूहळू, आधी हात-पाय.

स्टेप ५: कपडे आणि सॅक

हे पटकन. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचं. कोरड्या हवेत सुती शर्ट चांगला, भिजवून घातला तर बराच वेळ गार ठेवतो, दमट हवेत पटकन वाळणारं कापड बरं. टोपी अशी की मान आणि कान झाकले जातील. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं आणि दर दोन तासांनी पुन्हा, कारण घामाने ते जातं. उंची वाढली की यूव्ही दर हजार मीटरला साधारण १० टक्के वाढतं, कोरडी वाळू १५ टक्के परत फेकते आणि ताजा बर्फ ८० टक्के, त्यामुळे नाकाखाली, हनुवटीखाली पण लावा. छत्री नेणाऱ्याला लोक हसतात, हसू द्या, स्वतःची सावली बरोबर नेणं यापेक्षा भारी युक्ती नाही, फक्त विजेच्या वेळी मिटवायची.

बूट आदल्या दिवशी वाकवून बघा, जुन्या बुटांचे सोल गरम खडकावर सुटून येतात. पातळ हातमोजे ठेवा, लोखंडी शिड्या आणि साखळ्या उन्हात हात भाजवतात.

औषधांचं पण बघा. इन्सुलिन आणि अॅलर्जीसाठीचं अॅड्रेनलिन इंजेक्शन तापलं की कमजोर होतं, ते सॅकच्या मध्यभागी कपड्यात गुंडाळून ठेवा. ही औषधं, पॉवर बँक, लायटर, गॅस कॅनिस्टर बंद गाडीत ठेवू नका, अर्ध्या तासात आत बाहेरच्यापेक्षा १८-२० अंशांनी जास्त होतं. फोनही बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवतात, त्यानंतर स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, मग बंद. खांद्याच्या पट्ट्यावर उन्हात लटकवलेला फोन नेमका गरज पडते तेव्हा बंद असतो. सॅकच्या आत ठेवा, आणि कागदी नकाशा घ्या.

स्टेप ६: चालताना

उजाडायच्या आधी निघा. वेग असा की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. तासाला दहा मिनिटं थांबा, दमलात म्हणून नाही, घड्याळ सांगतंय म्हणून. सगळ्यात हळू चालणारा पुढे.

थांबायला जागा निवडताना नुसती सावली बघू नका, ती किती वेळ सावली आहे ते बघा. आत्ताच सावलीत आलेला खडक अजून भाजत असतो, त्याला टेकून बसलात तर तो तुम्हालाच तापवेल. सकाळपासून उन्ह न लागलेली कपार किंवा दाट झाडाखाली, सॅक खाली टाकून तिच्यावर बसा. मोठ्या जुन्या झाडाच्या जाड आडव्या फांदीखाली मात्र नको, कडक उन्हात वारा नसतानाही काही झाडांच्या फांद्या अचानक मोडून पडतात.

दर थांब्यावर एकमेकांना बघा आणि बोलतं करा. नाव विचारून उपयोग नाही, नाव सगळ्यांना येतं. वीसपासून उलटे आकडे मोजायला लावा, किंवा आपण मागचा थांबा कुठे घेतला ते विचारा. चिडचिड, गप्प होणं, सारखं अडखळणं, "मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे", हे सगळं लक्षणात धरा. कोणालाही एकट्याला मागे ठेवायचं नाही, एकट्याला परत पाठवायचंही नाही.

स्टेप ७: वाटच बदलते तेव्हा

कडा दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो, भेगा रुंदावत जातात आणि एक दिवस एक पापुद्रा सुटतो. पाऊस नाही, भूकंप नाही, तरी दगड येतात. म्हणून दुपारी कड्याच्या अगदी पायथ्याला, ताज्या पांढऱ्या दगडांच्या ढिगाजवळ, जेवायला बसू नका.

बर्फाळ डोंगरात हे अजून गंभीर. तिथे दगडांना धरून ठेवणारं बर्फच वितळतं. ३ जुलै २०२२ ला इटलीतल्या मार्मोलाडा शिखरावर हिमनदीचा मोठा तुकडा तुटून खाली आला आणि ११ जण गेले, आदल्या दिवशी त्या ३,३०० मीटरच्या डोंगरमाथ्यावर तापमान १० अंशांच्या आसपास होतं. अशा ठिकाणी रात्री पाणी गोठलं का हा प्रश्न दुपारच्या तापमानापेक्षा महत्त्वाचा, गोठलं नसेल तर जाऊ नका. आणि हिमनदीतून येणारा ओढा सकाळी घोट्याएवढा असतो तो दुपारी मांडीला लागतो, कारण वर दिवसभर वितळलेलं पाणी तेव्हा खाली पोचतं. परतीला तो ओलांडायचा असेल तर सकाळच्या पाण्यावरून अंदाज बांधू नका.

स्टेप ८: आभाळ

तापलेली जमीन हवा वर ढकलते, हवेत ओलावा असेल तर दुपारी ढग उभे चढत जातात. सकाळी अकरालाच ढग रुंदीपेक्षा उंच दिसायला लागले तर माथा सोडा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागलं की किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर खाली उतरायला लागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. एकटं झाड, उथळ कपारीचं तोंड, लोखंडी साखळी, सगळ्यापासून लांब, एकमेकांतही अंतर ठेवा.

विजेपेक्षा फसवं म्हणजे अचानक येणारा लोंढा. तापून कडक झालेली जमीन पाणी आत घेत नाही, सगळं एकदम घळीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अॅरिझोनातल्या लोअर अँटेलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले, जिथे ते उभे होते तिथे पाऊस जवळपास नव्हता, वादळ काही किलोमीटर वरच्या बाजूला होतं. म्हणजे अरुंद घळीत शिरताना डोक्यावरचं आभाळ बघून काही कळत नाही, वरच्या सगळ्या पाणलोटाचा अंदाज बघायचा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, लांबून घरघर ऐकू आली तर सामान सोडा आणि बाजूने वर चढा, घळीतून पुढे पळू नका. जोरात वाहणारं पाणी वीतभर खोल असलं तरी उभ्या माणसाला पाडतं.

धुळीचं वादळ दिसलं तर वाटेच्या आडोशाला बसा, नाक-तोंड ओल्या कापडाने झाका, पाठ वाऱ्याकडे. निघून जाईपर्यंत हलू नका, कड्याजवळ तर नाहीच.

स्टेप ९: वणवा

सुरुवात बऱ्याचदा आपल्याच माणसांकडून होते. वाळलेल्या उंच गवतावर गाडी लावू नका, खालचा तापलेला सायलेन्सर पुरेसा असतो. अशा दिवसात स्टोव्हही नको, थंड जेवण न्या.

धूर दिसला तर फोटो काढत बसू नका, वारा कुठून कुठे आणि तुम्ही आगीच्या वर का खाली हे आधी ठरवा. आग चढावर धावते, उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूला असाल तर माथ्याकडे पळून तिला हरवता येत नाही. बाजूला सरका, मग खाली. नाळ (डोंगरातली अरुंद उभी घळ) आणि खिंड टाळा, तिथून धूर आणि ज्वाळा धुराड्यासारख्या वर ओढल्या जातात. उघडा खडक, नांगरलेलं शेत, पाणी, आधीच जळून गेलेली जमीन, या जागा शोधा. अंगावरचं नायलॉन-पॉलिस्टर वितळून चिकटतं, सुती किंवा लोकरीचं काही असेल तर ते वर घाला.

स्टेप १०: सावलीत आधीच कोणीतरी बसलेलं असतं

तुम्हाला दुपारी सावली हवी तशी सापालाही हवी. कपारीत, लाकडाखाली, दगडाच्या फटीत हात घालायच्या आधी काठीने आपटा आणि बघा. खूप गरम दिवसांत बरेच साप संध्याकाळी आणि रात्री फिरतात, म्हणजे तुम्ही ऊन टाळायला अंधारात चालता तेव्हाच, त्यामुळे टॉर्च पायाशी. चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, बर्फ नको. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलणार नाही असा आधार द्या, माणसाला चालवू नका, लवकरात लवकर हॉस्पिटल. बूट काढून ठेवलेत तर घालताना झटका, विंचू असतो.

कोरड्या दिवसांत मधमाश्या पाण्यावर येतात. पाण्याजवळ पोळं आहे का बघा, त्यांना हाकलायला हात हलवू नका. अंगावर आल्या तर तोंड झाकून सरळ लांब पळा, पाण्यात उडी नको, त्या वर वाट बघत राहतात. काटे जसे जमतील तसे लगेच काढा, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा.

स्टेप ११: कोणी आडवं झालंच तर

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, फिकट चेहरा, पायात गोळे, पण माणूस नीट बोलतोय, ही पहिली पायरी. सावली, झोपवून पाय वर, सॅक-बूट काढा, अंग ओलं करा, वारा घाला, ओआरएस घोटघोट. अर्ध्या तासात फरक पडला तरी त्या दिवसाचा ट्रेक संपला, फक्त परत, तेही ऊन उतरल्यावर.

पण माणूस असंबद्ध बोलतोय, भांडतोय, तोल जातोय, झटके येतायत किंवा शुद्ध हरपलीय, तर तो उष्माघात आहे. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. थर्मामीटर शोधू नका, आणि "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. चालताना होणाऱ्या उष्माघातात घाम बऱ्याचदा चालूच असतो. इथून पुढचा अर्धा तास सगळं ठरवतो. एकाने मदतीला फोन करायचा, बाकीच्यांनी लगेच गार करायला घ्यायचं. आधी गार करा, मग हलवा.

सगळ्यात चांगलं म्हणजे गळ्यापर्यंत थंड पाण्यात, ओढा-डबकं जवळ असेल तर दोघांनी डोकं आणि काखेत धरून, वाहत्या धारेत नाही. पाणी तेवढं नसेल तर कपडे काढून किंवा सैल करून सगळं अंग ओलं करा आणि न थांबता वारा घाला, चटई, नकाशा, शर्ट, जे असेल त्याने. प्यायचं पाणी यात घालवायला कचरू नका. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. तोंडात पाणी ओतायचं नाही, शुद्धीत नसलेला माणूस गुदमरतो. उलटी येत असेल तर कुशीवर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळा. नीट बोलायला लागला किंवा कुडकुडायला लागला की गार करणं थांबवा, पण नजर हटवू नका, पुन्हा चढू शकतं.

बरा वाटला तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, कारण किडनी, लिव्हर, स्नायू यांचं नुकसान काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतं. लघवी चहा-कोलासारखी तपकिरी झाली तर स्नायू विरघळतायत असं समजून तातडीने जा. पुढचे काही आठवडे शरीर उन्हाला नेहमीपेक्षा कमी दाद देतं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रेक बंद, आणि मग परत सुरुवात स्टेप २ मधल्या रोजच्या तासाभरापासून.